फुलांचे जवळून फोटो आणि मागचा गडगा: मॅक्रो लेन्स घ्यावी का?

कुळागर
मंडळी, श्रावण लागला, पाऊस मधूनमधून उसंत देतोय आणि परसात फुलांची नुसती गर्दी झालीय. तगर, जास्वंद, दारापुढे आबोली, कुंपणावर वाघनखी (घाटावरची मंडळी कळलावी म्हणतात ती). माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) जुना डीएसएलआर आहे, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे आणि कपाटात पडून असलेली ५५-२५०.

फूल स्वच्छ येतं, पण मागचा जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत), त्यावरचं शेवाळ, कपड्यांची दोरी, दोरीवरचा टॉवेल, सगळंच ठळक दिसतं. मला फूल तेवढं उठून हवंय आणि मागे फक्त मऊ रंग. १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) घ्यायचं मनात आहे. किंमत बघून घरात अजून विषय काढलेला नाही. घ्यावी का? की दुसरा काही मार्ग आहे?

बाबल्या
आरे पात्रांव, मोबाईल काढ, पोर्ट्रेट मोड लाव, झालं! बायकोने काढलेला जास्वंदीचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्या गावाने फिरवला.

पारिजात
@बाबल्या, तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडून बघा. जास्वंदीच्या मधल्या दांड्याला जे बारीक पिवळे ठिपके असतात, त्यांची कड मोबाईल हमखास खातो. तिथे ब्लर लेन्सने आलेला नसतो. फूल कुठे संपतं याचा अंदाज बांधून मागचा भाग नंतर पुसलेला असतो. पाकळीची सरळ कड त्याला जमते. केसर, तंतू, कोळ्याचं जाळं दिसलं की अंदाज चुकतो.

तरी मोबाईलला नावं ठेवत नाही. फक्त त्याचा मॅक्रो मोड टाळा. बहुतेक फोनमध्ये तो वाइड कॅमेऱ्याने चालतो. फुलाला जवळजवळ नाक लावावं लागतं, फोनची सावली फुलावर पडते आणि मागचं अख्खं परस फोटोत येतं. दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती निवडा आणि दोन फूट मागे या. ब्लर थोडा मिळेल, पण खरा मिळेल.

पाणंद
कुळागर, पैसे तूर्त खिशात राहू द्या. तुमची अडचण लेन्सची नाही, गडग्याची आहे.

हिशोब सांगतो, ढोबळ आहे पण उपयोगी पडेल. समजा लेन्स फुलापासून ५० सेंमीवर आहे आणि गडगा फुलाच्या मागे १० सेंमीवर. मग ती लेन्स जास्तीत जास्त जेवढा ब्लर देऊ शकते, त्याच्या सहाव्या हिश्शाएवढाच तुम्हाला मिळतो. लाखाची लेन्स लावा, सहावा हिस्सा तो सहावाच. आता असं फूल निवडा की त्याच्या मागे साडेचार मीटर मोकळं आहे. लगेच नव्वद टक्के. त्यापलीकडे डोंगर असो, माडांची बाग असो की आभाळ, उरलेल्या दहा टक्क्यांचीच गोष्ट. म्हणून मी आधी पार्श्वभूमी शोधतो, मग तिच्यापुढे फूल शोधतो. लोक नेमकं उलट करतात.

दुसरं, तुमच्या कपाटातली ५५-२५०. कोणत्याही लेन्सच्या फोकल लांबीला (मिमीतला आकडा) एफच्या आकड्याने भागा, लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळतो; म्हणजे एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. १८-५५च्या ५५ला ५.६ने भागलं की साधारण १० मिमी. ५० मिमी एफ/१.८ची लेन्स २८. ज्या मॅक्रोवर तुमचा डोळा आहे ती ३६. आणि तुमची २५०, एफ/५.६ला, ४५! फ्रेममध्ये फूल तेवढंच मोठं ठेवलं तर दूरच्या पार्श्वभूमीचा ब्लर या आकड्याच्या प्रमाणात वाढतो. जवळ फोकस करताना बऱ्याच लेन्सची खरी फोकल लांबी थोडी घटते, म्हणून हे आकडे काटेकोर धरू नका. पण कपाटातली लेन्स कमी नाही एवढं नक्की.

मात्र हे दूरच्या पार्श्वभूमीपुरतं. गडगा फुलाला चिकटून असेल तर २५०चा काही फायदा नाही. तिथे फक्त एफचा आकडा चालतो. जवळची भिंत एफ ऐकते, दूरची झाडी फोकल लांबीही ऐकते.

२५०ची आणखी एक गंमत म्हणजे ती पार्श्वभूमीचा अगदी छोटा तुकडा बघते. १८-५५ने मागचा गडगा, टॉवेल, तुळशीवृंदावन सगळं आत घेतलं असतं. २५०वर अर्धं पाऊल डावीकडे सरकलात की टॉवेल गायब आणि मागे केळीच्या पानाचा हिरवा रंग. पुन्हा अर्धं पाऊल, आणि सावलीतली लाल माती. गुडघे वाकवून बघा, तिसराच रंग. फोटो काढायच्या आधी कॅमेरा डोळ्याला लावून फुलाभोवती नुसतं फिरा.

कुळागर
पाणंदबाब, देव बरें करूं! दुपारी २५० लावून बघितली. तगर घेतली, मागे शेजाऱ्यांची पोफळीची बाग. टॉवेल अदृश्य! पण दोन प्रश्न उरले. एक, साधारण एक मीटरच्या आत लेन्स फोकसच करत नाही, त्यामुळे आबोलीचं एकच फूल मोठं येत नाही. दोन, वाघनखीची एक पाकळी स्पष्ट, बाकी सगळी धूसर. आता ब्लर जास्त झाला म्हणायची पाळी!

फिरतीवर
वाघनखी माझी लाडकी, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पहिला प्रश्न. लेन्सच्या तोंडावर बसणारा +२चा (चष्म्यासारखा नंबर) क्लोज-अप फिल्टर घ्या. साधी एक काच असलेला नको, दोन काचा जोडलेला घ्या. कडांना जांभळट रंग कमी येतो. २५०वर +२ लावून फोकस अनंतावर ठेवलात तर फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मं उमटतं आणि फुलापासून अंतर राहतं अर्धा मीटर. आबोलीच्या एका फुलाला पुष्कळ झालं. लोक एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) सुचवतील. तिच्यात काच नसते ही जमेची बाजू, पण तिचा जोर लहान लेन्सवर: २५ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सला निम्मा आकार देते, तीच २५०ला जेमतेम दहावा हिस्सा.

आता वाघनखी. निम्म्या आकारावर, एफ/८ला, क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे २ मिमी असते. मिलिमीटर! आणि वाघनखी म्हणजे चहूबाजूंनी पसरलेलं प्रकरण. फूल खाली मान घालतं, पाकळ्या उलट्या वर वळतात, पुंकेसर मात्र छत्रीच्या काड्यांसारखे आडवे पसरतात. समोरून काढलंत तर दोन केसर तुमच्याकडे येतात, दोन लांब जातात, कोणालाच न्याय मिळत नाही.

तर आधी ठरवा की काय स्पष्ट हवं. पाकळ्यांच्या ज्वाळा हव्या असतील तर बाजूने काढा. सगळ्यात जवळच्या पाकळीच्या कडेवर फोकस आणि एफ/८ ते एफ/११. केसरांचं चक्र हवं असेल तर खालून, देठाच्या रेषेत बघा. मग सगळे केसर एका पातळीत येतात, सेन्सरला समांतर. जवळच्या फोटोतली अर्धी लढाई ही समांतर पातळी जुळवण्यातच असते. खालून काढताना मागे पांढरं आभाळ येतं आणि फूल काळवंडतं, त्यावर उपाय एवढाच की वर झाडाची फांदी असलेली वेल शोधायची.

एफ/१६, एफ/२२वर जाऊ नका. जवळच्या फोटोत लेन्सचं छिद्र आकड्यापेक्षा आणखी लहान असल्यासारखं वागतं (खऱ्या आकाराच्या फोटोला पूर्ण दोन स्टॉप उजेड कमी; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळाच फोटो मलूल होतो.

जाता जाता, वाघनखीचा कंद विषारी, बाकीचे भागही कमीअधिक तसेच. फोटोसाठी मुलं बरोबर असतील तर फूल हाताळू देऊ नका.

मांडवीकाठ
चर्चा उत्तम चाललीय. एक भर घालतो, खास आपल्या गोव्यासाठी: माडाच्या झावळ्या पार्श्वभूमीला घेऊ नका. दिसायला हिरव्यागार, पण ब्लर झाल्या की प्रत्येक पातीच्या दोन-दोन रेघा उमटतात आणि फुलामागे झाडू ठेवल्यासारखं दिसतं. केळ, अळू, सावलीतला जांभा, भाताचं शेत हे सगळं चालतं. श्रावणातलं भातशेत तर सर्वात उत्तम, एकसारखा पोपटी रंग, मैलभर.

पावसानंतर ओल्या पानांवर आभाळाची चमक असते, ती ब्लर होऊन पांढरे डाग बनतात. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चमक मारता येते. साधारण दीड स्टॉप उजेड जातो, पण हिरवा रंग परत येतो.

उलट कधीकधी तेच डाग हवे असतात. कुळागरात (पोफळीच्या बागेत) संध्याकाळी पोफळीच्या शेंड्यांमधून तिरपं ऊन आलं की पानांच्या फटी गोल गोल प्रकाशाच्या चकत्या होतात. छिद्र पूर्ण उघडं ठेवलंत तर चकत्या गोल (कडेला थोड्या चपट्या), एफ/८ केलंत की छिद्राच्या पात्यांइतके कोन दिसायला लागतात. माझ्याकडे एक जुनी रशियन ५८ मिमी एफ/२ आहे, हाताने फोकस करायची. तिच्या चकत्या मधल्या फुलाभोवती भोवऱ्यासारख्या फिरतात. कोणाला आवडतं, कोणाला गरगरतं. काही कॅमेऱ्यांवर ती अनंतावर फोकस करत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात. फुलांना अनंत कशाला हवंय?

सत्तरीवाली
सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला एक खटकतंय ते बोलते.

गेली काही वर्षं पावसाळ्यात प्रत्येक ग्रुपवर तेच फोटो येतात. मध्ये फूल, मागे हिरवा पडदा. सीतेची आसवं हे रानफूल असो नाहीतर बंगल्यातलं जरबेरा, सगळं एकाच स्टुडिओत काढल्यासारखं. आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ही आसवं उगवतात ती कातळावरच्या बोटभर पाण्यात, मातीचा थर असा की नखाने निघेल. त्या मातीत पोषण नाही म्हणून ते झाड बारीक जीव पकडून खातं. शेजारी दवबिंदू चिकट थेंब घेऊन उभा, तोही शिकारी. पांढरे गेंद दूरवर पसरलेले. हे सगळं त्या फुलाचं घर आहे. ते पुसून टाकलंत तर फुलाबद्दल सांगितलंत काय?

मी १८ मिमीवर, एफ/११ला, फुलाच्या अगदी जवळ जाऊन काढते. फूल मोठं, मागे कातळ, धुकं, चरणारी गुरं. गुरं धूसर असतात, पण गुरं आहेत हे कळतं.

पाणंद
सत्तरीवाली ताई, अर्धं पटलं. तुमचा फोटो सड्याचा आहे, कुळागर यांना हवाय तो फुलाचा. आसवांचं फूल सेंटिमीटरभराचं. त्याच्या ओठावरच्या जांभळ्या रेघा १८ मिमीवर कोणाला दिसणार? त्या बघायच्या तर पार्श्वभूमी गप्प बसवावीच लागते. मी सड्यावर दोन्ही काढतो, पण भिंतीवर लावायला जवळचाच निवडतो. हा माझा दोष समजा हवं तर.

सत्तरीवाली
भिंत तुमची, दोष कसला! पण मग फोटोखाली जागेबद्दल दोन ओळी तरी लिहा. "गोवा, पावसाळा" एवढंच नको. आणि ऑर्किड असेल तर नेमकी जागा मुळीच लिहू नका, तालुकाही पुरे. सीतेची वेणी फणसावर फुललेली दिसली की पुढच्या आठवड्यात कोणीतरी काठीने ओरबाडून नेलेली असते.

बाबल्या
मी सोपा उपाय सांगतो. बायकोची ओढणी फुलामागे धरायची. हिरवी, निळी, हवी ती पार्श्वभूमी. फणस नको, सडा नको. 😄

फिरतीवर
@बाबल्या, हसू नका, लोक खरंच करतात. माझ्या मते परसातल्या फुलाला चालतं, रानातल्या फुलाला नाही. ओढणी निदान दोन-तीन फूट मागे धरा आणि सुरकुत्या नकोत. त्यापेक्षा काळी छत्री बरी: मागे धरायची नाही, उन्हाच्या बाजूला धरून फक्त पार्श्वभूमीवर सावली पाडायची. फूल उजेडात, मागचं सावलीत. जांभ्याचा गडगासुद्धा असा सावलीत गेला की गडद तपकिरी होतो आणि त्यापुढे पांढरी तगर काय सुंदर दिसते!

पांढऱ्या फुलाचा उजेड मात्र सांभाळा. काळोख्या पानांपुढे छोटी तगर असेल तर कॅमेरा पानांकडे बघून उजेड वाढवतो आणि पाकळ्या पांढऱ्या कागदासारख्या सपाट होतात. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा. आबोली आणि लाल जास्वंदीचं वेगळंच दुखणं: एकूण हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल कधीच फुटलेला असतो. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघा.

पारिजात
आबोलीवरून आठवलं. मागे लाल माती किंवा जांभा असेल तर आबोलीचा केशरी त्यात विरघळतो. तिला हिरवंच हवं. बाजारात दिसतात त्या आबोलीच्या फात्यांचे (गजऱ्यांचे) फोटो काढायचे तर फातीच्या लांबीच्या दिशेने, तिरपं बघा. एक-दोन फुलं स्पष्ट, पुढची-मागची विरत गेलेली. फुलं विकणाऱ्या बायका बऱ्याचदा छत्रीखाली बसतात, तो उजेड आयताच मऊ मिळतो. विचारून काढा, आणि फाती विकत घ्या हो!

कोणी म्हार्दोळच्या जायांचे फोटो काढलेत का? जाई उमलते संध्याकाळी आणि तेव्हा उजेड संपलेला असतो. ट्रायपॉड लावला तर वारा नडतो.

पाणंद
@पारिजात, कळ्याच काढा, टोपलीतल्या. लांबट कळीची ती गुलाबी झाक फुलात राहत नाही.

वाऱ्याबद्दल बोललात म्हणून सांगतो. आपल्याकडे ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो, मग आबोलीसुद्धा उभी राहत नाही. सकाळी उजाडल्यापासून दोनेक तास हाच काळ. ढगाळ दिवस असेल तर उत्तम, अख्खं आभाळ डिफ्यूझर. ऊन पडलंच तर बटर पेपरचा तुकडा फूल आणि सूर्य यांच्यामध्ये धरा.

शटर १/२५०च्या खाली शक्यतो नको. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००-१६०० करायला घाबरू नका. दाणे मऊ पार्श्वभूमीत थोडे दिसतात पण ते काढता येतात, हललेलं फूल सरळ करता येत नाही. जाड ॲल्युमिनियमच्या तारेच्या एका टोकाला कपड्याचा चिमटा बांधा, दुसरं टोक जमिनीत खोचा. देठ हलकेच चिमट्यात. चिमट्याला स्पंज लावा, नाहीतर देठ चेंगरतो.

आणि फोकस रिंग फिरवत बसू नका. फोकस एकदा ठरवून टाका आणि शरीर हळूच पुढे-मागे झुकवा. २ मिमीच्या खेळात हाच मार्ग. चार-पाच फोटो लागोपाठ घ्या, एखादा लागतोच. वारा शून्य असेल आणि ट्रायपॉड असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत फोटो घेऊन ते संगणकावर जोडता येतात. जास्वंदीचा दांडा टोकापासून बुडापर्यंत स्पष्ट आणि मागचं तरीही मऊ, हे दुसऱ्या कुठल्या रीतीने जमत नाही.

मांडवीकाठ
+१. सड्यावर जाणाऱ्यांनी तांदळाची किलोभराची पिशवी न्या, ट्रायपॉड नाही. कॅमेरा पिशवीवर, पिशवी कातळावर. लेन्स फुलाच्या उंचीला आली की पार्श्वभूमी आपोआप दूर जाते, कारण उभं राहून बघताना फुलामागे त्याच्याच बुडाची माती असते. आडवं पडताना मात्र कुठे पडताय ते बघा. एका फोटोसाठी पन्नास गेंद चिरडणारे महाभाग पाहिलेत.

सत्तरीवाली
धन्यवाद मांडवीकाठ, हेच लिहायला आले होते. आणि घाटाच्या बाजूला जळवा आहेत. आडवे पडणाऱ्यांनी मोज्यांना तंबाखूचं पाणी लावून यावं.

कुळागर, चवथीच्या आधी वाघनखीचे फोटो उरकून घ्या. आमच्याकडे माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीला) न्यायला पोरं कुंपणं धुंडाळतात, मग वेलीवर नुसती पानं उरतात.

कुळागर
सर्वांचे आभार! मॅक्रोचा विषय घरात काढायचाच नाही असं ठरलं. +२चा फिल्टर मागवतो. पण एक शंका: ५५-२५० पुढून बघितली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी का?

पाणंद
वर्णनावरून बुरशीच. कडेला थोडी असेल तर फोटोत जाणवणार नाही, उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत मात्र धुरकटपणा येईल. मधोमध असेल तर साफ करणाऱ्याकडे न्या, स्वतः उघडू नका. बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा.

पावसाळ्यात कापडी बॅगेत लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रता दाखवणारा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. रंग बदलणारे दाणे घ्या, बदलले की तापवून पुन्हा वापरता येतात. आणि वापरत राहा, कपाटात पडलेल्या लेन्सलाच बुरशी आधी लागते.

एसीच्या खोलीतून थेट परसात आलात तर काच धुरकटेल. बॅगेची चेन न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा.

कुळागर
डबा आजच आणतो. फिल्टर कोणत्या मापाचा मागवू?

फिरतीवर
लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा बघा, तेच माप. पुढेमागे मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची असेल तर फिल्टर ६७चा घ्या आणि स्टेप-अप रिंगने या लेन्सला बसवा. रिंग स्वस्त मिळते.